कार्यसमाधान, सामाजिक आधार व ताण : कर्मचाऱ्यांमधील मापन

नोकरीतल्या माणसास आपल्या कामाविषयी वाटणारी अनुकूल वा प्रतिकूल भावना ते कार्यसमाधान. वरिष्ठ, सहकारी व आप्तेष्ट यांच्याकडून मिळणारे, अथवा अडचणीच्या वेळी मिळेल अशी खात्री असलेले, साहाय्य तो सामाजिक आधार. आणि कामाचा बोजा व तो पेलण्याचे आपले सामर्थ्य यांतील तफावतीची जाणीव तो ताण. तिन्ही गोष्टी प्रत्यक्ष दिसत नसल्याने त्या प्रश्नावलीद्वारे अंकांत आणण्याचा शिरस्ता पडला आहे.

साधने : रॉबर्ट हॉपॉक याने १९३५ मध्ये कार्यसमाधानावर ग्रंथ लिहिला. पुढे मिनेसोटा प्रश्नावली (१९६७, लघुरूपात २० विधाने) आणि काम, वेतन, बढती, देखरेख व सहकारी या पाच अंगांचा स्वतंत्र विचार करणारा कार्यवर्णन निर्देशांक (१९६९) यांचा प्रसार झाला. रॉबर्ट कारासेक याने १९७९ मध्ये कामाच्या मागण्या व कामावरील स्वतःचा ताबा यांची सांगड घातली. जॉन्सन व हॉल यांनी १९८८ मध्ये तीत सामाजिक आधाराची भर घातली. शेल्डन कोहेन व सहकाऱ्यांची ताणमापनिका (१९८३) गेल्या महिन्याभराचा अनुभव विचारते. भारतात उदय पारीक यांची भूमिका-ताणाचे दहा प्रकार मानणारी मापनिका, तसेच श्रीवास्तव व सिंह यांचा १९८१ मधील ४६ विधानांचा ताण-निर्देशांक विशेष वापरात आहेत. आधारामुळे ताणाचा आघात सौम्य होतो, की आधार ताणनिरपेक्ष हितकर असतो, याविषयी मतैक्य नाही.

नागपूर : प्रश्नावल्यांच्या पुष्कळ आधी हा विषय या शहरात हजेरीपटाच्या रूपाने उपस्थित झाला होता. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये गैरहजेरीचे प्रमाण मोठे होते. तिचा बंदोबस्त केवळ दंडाने न करता, टाटा व व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी गिरणीत वायुवीजनाची व हवेत ओलावा राखण्याची सोय केली, नियमित येणाऱ्यांस बक्षिसे दिली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी स्थापला, १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास आरंभ केला आणि १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी काढला. भरपाईचा कायदा हिंदुस्थानात १९२३ मध्ये आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ मध्ये झाला, हे लक्षात घेता या तरतुदींचे महत्त्व ध्यानी येते. कामगार का येत नाही याचे उत्तर त्याच्या स्वभावात न शोधता गिरणीची हवा, म्हातारपणाची धास्ती आणि अपंगत्वाचे भय यांत शोधणे, ही प्रस्तुत नोंदकर्त्यास या विषयाची खरी सुरुवात वाटते. तथापि हजेरीपट दिवस मोजतो, कारण सांगत नाही : घरचे आजारपण, पेरणीचे दिवस आणि मुकादमाचा जाच हे तिन्ही त्यात एकाच खुणेने नोंदले जातात. मुलाखत व प्रश्नावली यांची गरज येथेच उत्पन्न होते.

धरमपेठ : पश्चिम नागपुरातील या वस्तीत महापालिकेचे झोन कार्यालय, शाळा-महाविद्यालये, बँका व पतसंस्था असल्याने येथील नोकरवर्ग कारखान्यातील कामगारांहून भिन्न आहे; जनतेच्या तक्रारी, वर्षअखेरची खातेबंदी, परीक्षा व बदल्या यांच्या अनुरोधाने त्याचा ताण चढतो-उतरतो. मार्चअखेरीस बँकेत किंवा उत्तरपत्रिका तपासणीच्या दिवसांत महाविद्यालयात भरून घेतलेला महिन्याभराच्या ताणाचा फॉर्म वर्षाचे चित्र म्हणून मांडणे अनुचित होय. निदान दोन ऋतूंत मापन व्हावे. ‘अडचण आली तर साहेब सांभाळून घेतात’ या विधानापुढे ‘पूर्ण असहमत’वर खूण करणाऱ्या कारकुनास तो कागद त्याच साहेबांच्या टेबलावरून पुढे जाणार हे ठाऊक असेल, तर खूण सरकून ‘सहमत’वर जाते, आणि सरासरी काढणाऱ्यास समाधान वाढलेले दिसते. म्हणून फॉर्मवर नाव, हुद्दा व विभाग एकत्र मागू नयेत, तो बंद पाकिटात बाहेरच्या माणसाने गोळा करावा, आणि पाच-सहा माणसांच्या शाखेचे निष्कर्ष स्वतंत्रपणे प्रसिद्ध करू नयेत. अंतर्गत सुसंगतीचा गुणांक ०.७०च्या वर आला की मापनिका विश्वसनीय ठरली असे प्रबंधांतून लिहिले जाते. पण भीतीने दिलेली उत्तरेही परस्परांशी सुसंगतच असतात.

महिला कर्मचारी : घरकामाच्या बोजाचे प्रश्न स्वतंत्रपणे जोडावे लागतात.

शारीरिक मापन : रक्तदाब व लाळेतील कॉर्टिसॉल ही पूरक मापे होत.