सर्व्होची कुळकथा

माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर रिमोटवरचा ट्रक ठेवला की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, किती केजीचा सर्व्हो टाकू?" वीस, पंचवीस, पस्तीस केजी हे ताकदीचे आकडे त्यांना पाठ असतात. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीतही सर्व्हो याच भाषेत मागितला जातो. पण स्टिअरिंगच्या सर्व्होचा, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचा, इतिहास पाहिला, तर ताकदीचा प्रश्न बराच उशिरा आलेला दिसतो. दर पिढीने एक दुखणं बरं केलं आणि ते पुढच्या भागाच्या गळ्यात घातलं. निवड करायची तर ते दुखणं आज कुठे येऊन बसलंय, हे आधी बघावं लागतं.

पहिलं दुखणं हुकमाचं होतं. १९३७ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी 'गफ' हे मॉडेल विमान रेडिओवर उडवलं. पुढची बरीच वर्षं अशा विमानांत सर्व्हो नसायचाच. असायचा तो पीळ दिलेला रबर आणि एक खटका. बटण दाबलं की खटका सुटायचा आणि सुकाणू एका बाजूला पूर्ण वळायचं. 'थोडंसं वळ' असं सांगायची सोय नव्हती. ती १९६०च्या दशकात आली. डग स्प्रेंग आणि डॉन मॅथर्स यांच्या 'डिजिकॉन' संचाने पल्सच्या रुंदीतून हुकूम द्यायची पद्धत रुजवली. दीड मिलिसेकंदाची पल्स म्हणजे मध्य, एक आणि दोन मिलिसेकंद ही दोन टोकं. सर्व्होच्या दांड्याला जोडलेला पॉट (पोटेन्शिओमीटर) आपण कुठे आहोत हे सांगतो आणि हुकूम व जागा जुळेपर्यंत मोटर फिरते. आज इंजिनिअरिंगचा विद्यार्थी प्रोजेक्टसाठी आणतो त्या स्वस्त सर्व्होतही तीन तारा आणि हीच पल्स असते.

विमानातला हा सर्व्हो मग गाड्यांत आला. जपानच्या तामियाने १९७९ साली रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या मातीत पळणाऱ्या बग्या काढल्या. त्यांत दोन सर्व्हो लागत: एक स्टिअरिंगला आणि दुसरा वेगाच्या यांत्रिक कंट्रोलरचा दांडा हलवायला. विमानाच्या सुकाणूला वाऱ्याचा दाब सोसायचा असतो. गाडीचं चाक दगडावर आपटतं आणि तो हिसका थेट गिअरपर्यंत पोचतो. नायलॉनचे दाते तुटायला लागले. त्यावर तोडगा म्हणून हॉर्नमध्ये, म्हणजे सर्व्होच्या दांड्यावरच्या पट्टीत, स्प्रिंग बसवली, तोच सर्व्हो सेव्हर. धक्का बसला की स्प्रिंग दबते आणि दाते वाचतात. मात्र स्प्रिंग मऊ असेल, तर सर्व्हो वळतो आणि चाक मागेच राहतं.

१९८४ साली कॅलिफोर्नियाच्या असोसिएटेडची आरसी१० आली. पुढच्याच वर्षी डेल मार इथल्या जागतिक स्पर्धेत जे हॉल्सीने तिच्यावर टू-व्हील ड्राइव्हचं विजेतेपद मिळवलं. शर्यत गंभीर झाली, तसा वेगाचा प्रश्न पुढे आला. उदाहरणार्थ फुताबाचा एस३००३ सर्व्हो घ्या. ४.८ व्होल्टवर त्याची ताकद ३.२ केजी आणि ६० अंश फिरायला ०.२३ सेकंद. ताशी ४० किलोमीटरने पळणारी गाडी तेवढ्या वेळात अडीच मीटर पुढे गेलेली असते. ०.१० सेकंदाच्या सर्व्होला तेच अंतर एक मीटरच्या जरा वर.

ताकद खरी लागली ती ट्रकना. १९९०च्या दशकात स्टेडियम ट्रक रुळले आणि २००८ साली ट्रॅक्ससच्या स्लॅशने शॉर्ट कोर्स ट्रक घरोघरी नेला. गाडी दोन किलोच्या वर, पुढचा टायर जवळजवळ अकरा सेंटिमीटरचा. तोवर धातूचे गिअर आणि डिजिटल सर्व्हो आले होते. जुना सर्व्हो मोटरला सेकंदाला पन्नासएक वेळा सावरायचा, डिजिटल शेकडो वेळा सावरतो. म्हणून चाक धरलेल्या जागी घट्ट राहतं. त्याची किंमत करंटमध्ये मोजावी लागते. जोर लागला की सर्व्हो काही अँपिअर खेचतो, ईएससीतल्या (मोटरच्या वेग-नियंत्रकातल्या) बीईसीचा, म्हणजे सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज देणाऱ्या भागाचा, व्होल्टेज बसतो, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो, आणि मालक रिमोटला शिव्या देतो.

परवा 'मेटल गिअर' लिहिलेला एक सर्व्हो उघडला. शेवटचा पितळी गिअर नव्यासारखा चकचकीत होता. त्याच्या आतला नायलॉनचा गिअर मात्र एका बाजूने साफ झिजलेला, ग्रीसमध्ये पांढरा चुरा. सगळा जोर त्या एका गिअरवर आला होता.

टू-व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रकला माझ्या मते १० ते १५ केजी पुरतात. वेग ०.१२ सेकंद किंवा त्याहून कमी असावा, सगळे गिअर धातूचे हवेत आणि सेव्हर कडक हवा. हॉर्नचे दातेही जुळवून घ्या: फुताबाचे २५, हायटेकचे २४, जेआरचे २३. आणि डब्यावरचे पंचवीस केजी ७.४ व्होल्टला दिलेले असतील नि तुमचा बीईसी सहाच व्होल्ट देत असेल, तर ते पंचवीस तुम्हाला कधीच मिळणार नाहीत. आधी ईएससीचं लेबल वाचा, मग दुकानात जा.