दापोडीचा अनामिक चित्रकार

इ.स. १८२८मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी पुण्याजवळ दापोडीला कॅप्टन फोर्डचा बंगला सरकारसाठी घेतला आणि तिथे वनस्पती उद्यान सुरू झाले. इंग्रजांनी गावाचे ‘दापुरी’ केले. १८३८मध्ये हे उद्यान डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आले. मूळचे स्कॉटलंडचे हे शल्यवैद्य देवी टोचण्याच्या कामावर दख्खनभर हिंडलेले आणि मराठी शिकलेले होते. १८४७मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले.

१८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका चित्रकाराकडून सुमारे १७० वनस्पतिचित्रे काढून घेतली. बागेत रुजवलेली परदेशी झाडे त्यांत आहेत, तशा सह्याद्रीतल्या रानवनस्पतीही. आज हा संग्रह एडिनबर्गच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहे. हेन्री नोल्टी यांनी २००२मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय, म्हणजे बहुधा गोव्याकडचा ख्रिस्ती. नाव मात्र कागदोपत्री कुठेच नाही.

हे काम नुसत्या हातचलाखीचे नव्हते. घाटातली पावसाळी फुले काही आठवडेच टिकतात आणि खुडलेली फांदी दुपारपर्यंत मान टाकते. म्हणून फुलाचा रंग आधी पकडायचा, पानांचे मागाहून बघता येते. पाकळ्या, पुंकेसर मोजूनच काढायचे, कारण पाचाच्या जागी सहा पाकळ्या काढल्या की शास्त्राच्या दृष्टीने झाडच बदलते. फूल उकलून आतले अवयव वेगळे दाखवायचे असतील, तर चित्रकाराला झाड वाचता यावे लागते. या माणसाला आपण ‘हाताखालचा कारागीर’ म्हणून सोडून देतो, ते मला पटत नाही.

तो काळच तसा होता, हे उत्तरही पुरत नाही. त्याच सुमारास मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट यांच्यासाठी रंगय्या आणि गोविंदू चित्रे काढत होते. वाइट यांनी त्यांची नावे नोंदवली, शिवाय ऑर्किडच्या एका प्रजातीला ‘गोविंदूइया’ असे नाव दिले. त्याआधी पावणेदोनशे वर्षे, मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्तुस मलबारिकुस’ या डच ग्रंथात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांचे १६७५चे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापले गेले. म्हणजे देणाऱ्याची इच्छा असली, तर श्रेय देता येत होते. आमच्या लासलगावच्या बाजारात पोतेभर कांद्याच्या हिशेबपट्टीवरसुद्धा शेतकऱ्याचे नाव असते!

गिब्सन यांना खलनायक ठरवण्याचे कारण नाही. जंगलतोडीने डोंगर उघडे पडत असल्याचे त्यांनी सरकारला वारंवार बजावले होते. १८६१मध्ये निकोल डॅल्झेल यांच्यासह त्यांचे ‘बॉम्बे फ्लोरा’ निघाले. मुखपृष्ठावर दोघांची नावे आहेत.

पुढे १८६५च्या सुमारास दापोडीची मालमत्ता विकली गेली आणि गव्हर्नरांसाठी गणेशखिंडीत नवा वाडा उभा राहिला. आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून आपण ओळखतो, तोच तो. आता शोध घ्यायचा तो हिशेबाच्या वह्यांत. चित्रकाराला पगार मिळाला असेल, तर तो कोणाच्या तरी नावावर लिहिलेला असणार.