ओलेत्या चित्राची कुळकथा

तळ्याकाठी एकटी स्त्री, अंगावर असून नसल्यासारखे ओले वस्त्र, मागे झाडी आणि पाणी. सारे तैलरंगात, घरातल्या भिंतीवर मावेल एवढ्या कॅनव्हासवर. कलकत्त्याच्या या चित्रप्रकाराचे कूळ फोर्ट विल्यम या किल्ल्याशी जोडले, तर ते अर्धेच खरे ठरते. प्लासीच्या लढाईनंतर 1758 साली नव्या किल्ल्याचे काम सुरू झाले. ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल बसत गेला तसे टिली केटल, विल्यम हॉजेस, योहान झोफनी हे चित्रकार तैलरंग घेऊन बंगालमध्ये आले. पण त्यांच्या गिऱ्हाइकांना हवी होती आपली व्यक्तिचित्रे आणि या मुलखाची दृश्ये. पुढे चिनसुरा-चंदननगरकडच्या देशी चित्रकारांनी हेच माध्यम हाती घेऊन देवदेवता रंगवल्या. म्हणजे किल्ल्याच्या आश्रयाने साधन आले. विषय आला नाही.

विषयाला वाट मिळाली ती चित्रशाळांतल्या भांडणातून. 1854 साली निघालेली कलकत्त्याची कलाशाळा पाश्चात्त्य वास्तवदर्शी रेखाटन शिकवत असे. 1896 साली तिचे प्रमुख म्हणून आलेल्या हॅवेल यांनी तिची दिशा भारतीय परंपरेकडे वळवली. ते न पटलेल्या रणदाप्रसाद गुप्त यांनी 1897 साली ज्युबिली आर्ट अकादमी काढली, आणि छायाप्रकाशाने शरीर घडवण्याची विद्या तिथे टिकली. मैमनसिंगकडून आलेले चित्रकार हेमेंद्रनाथ मजुमदार ती सरकारी कलाशाळा सोडून या अकादमीतच गेले. तोवर उघडे अंग दाखवायला सहसा पुराणाचा आधार लागे. नायिका शकुंतला नाहीतर अप्सरा. 1920 च्या सुमारास मजुमदारांनी तो आधार काढून घेतला. त्यांच्या ‘पल्लीप्राण’ या चित्रातली बाई कुणी अप्सरा नाही, घाटावरून परतणारी खेड्यातली स्त्री आहे. तिच्या उघडेपणाला निमित्त आहे ते रोजच्या अंघोळीचे. त्याच काळात कलकत्त्यात काम करणाऱ्या ठाकुर सिंग यांच्या स्नानोत्तर स्त्रीच्या चित्राला 1924 साली लंडनच्या वेम्बलीत भरलेल्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनात पारितोषिक मिळाले. मजुमदारांना सुवर्णपदक दिले ते आपल्या बॉम्बे आर्ट सोसायटीने.

यावर कुणी म्हणेल, खजुराहो असताना नग्नतेचे मूळ शाळेत कशाला शोधायचे? पण तिथली शरीरे ठरलेल्या प्रमाणांनी घडवलेली आहेत. अमक्या वेळच्या उजेडात उभी असलेली अमुक एक बाई तिथे नाही, आणि या चित्राला नेमकी तीच हवी असते. दुसरा आक्षेप, ही युरोपीय नग्निकाच, वर साडी टाकलेली. तंत्राबाबत ते मान्य. मात्र साडी इथे आडपडदा नव्हे, चित्राचा मुख्य प्रश्न आहे. भिजलेले सूत अंगाला कुठे चिकटते, कुठे सुटून लोंबते, त्यातून त्वचेचा रंग किती झिरपतो, हे साधण्यात मजुमदारांचे कसब पणाला लागले. तिसरा आक्षेप मात्र खोडता येत नाही. ही बाई बहुधा पाठमोरी असते. आपल्याला कुणी पाहते आहे याची तिला जाणीव नसते. चोरून पाहण्याचे सुख या चित्राच्या रचनेतच आहे, आणि मजुमदारांची थोरवी मान्य करणाऱ्यानेही ते नाकारू नये.