विक्रेय पिस्तूल कोणतें? अमेरिकेंतील संस्थानांच्या कायद्यांची परंपरा

जुनीं शस्त्रें व जुने कागद यांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांस शस्त्रविषयक कायदा म्हटला म्हणजे इ. स. १८७८ चा हिंदुस्थानचा हत्यारांचा कायदा आठवतो. त्या कायद्याचा रोख मुख्यतः माणसावर होता. परवाना कोणास द्यावा व कोणास देऊं नये, हा त्याचा प्रश्न. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत याहून निराळी अशी एक परंपरा आढळते. तींत विचार वस्तूचा आहे. दुकानदारानें कोणत्या जातीचें पिस्तूल विकावें व कोणत्या जातीचें विकूं नये, हें ठरविण्याचा यत्न तेथील निरनिराळीं संस्थानें जवळजवळ दोन शतकें करीत आलीं आहेत. या कायद्यांचीं कलमें आम्हीं कालानुक्रमानें लावून वाचलीं, तेव्हां एक गोष्ट स्पष्ट दिसली. निषिद्ध काय, हें दर पिढीस बदलत गेलें. परंतु निषेधाच्या बाहेर जें राहिलें तें बहुधा एकच, म्हणजे शिपायाचें हत्यार. या विधानास आधार काय, तें पुढें मांडतों.

मीमांसकांनीं वाक्यांचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांतील दोन येथें उपयोगी पडतात. अमुक वगळून इतरांस हा नियम लागू, असें वाक्य असलें म्हणजे तो पर्युदास. इतकेंच ग्राह्य असें म्हणून बाकीचें सर्व वारणें ही परिसंख्या. पांच नखांच्या प्राण्यांपैकीं पांचच भक्ष्य, हें परिसंख्येचें उदाहरण शास्त्र शिकलेल्यास पाठ असतें. त्या वचनानें कोणास मांस खाण्याची आज्ञा होत नाहीं, उरलेल्यांचा निषेध मात्र होतो. अमेरिकन कायदे पर्युदासापासून निघाले आणि परिसंख्येस येऊन पोहोंचले.

जॉर्जिया संस्थानाचा २५ डिसेंबर १८३७ चा कायदा या मालिकेंत प्रथम घेण्याजोगा आहे. त्यानें व्यापारी, माल विकणारे व इतर कोणीही यांस बोवी सुरे, पिस्तुलें, खंजीर, गुप्त्या, भाले विकण्याची, विक्रीस मांडण्याची व बाळगण्याची बंदी केली; फक्त 'स्वाराचीं पिस्तुलें' म्हणून जीं ओळखलीं व वापरलीं जातात तीं वगळलीं. मूळ वाक्यांत शस्त्रांच्या नांवांपुढें 'वगैरे' आहे, आणि अपवादापुढेंही 'वगैरे' आहे. दंडाच्या कायद्यांत दोनही बाजूंस वगैरे लिहिणाऱ्या मसुदेकारास आम्ही आमच्या वर्गांतही उत्तीर्ण केलें नसतें! ज्यांच्यापाशीं आधींचा माल होता त्यांस पुढील १ मार्चपर्यंत सवलत दिली होती. शिवाय सुरे, खंजीर, भाले उघड्यावर धारण करणारा दोषी नव्हे असें एक पोटकलम जोडलें होतें. त्या पोटकलमांत पिस्तुलाचें नांवच नाहीं. ही उणीव पुढें महत्त्वाची ठरली. हॉकिन्स नन याच्यावरील खटल्यांत, १८४६ सालीं, न्यायमूर्ति जोसेफ हेन्री लंपकिन यांच्या न्यायालयानें ठरविलें कीं, लपवून शस्त्र बाळगण्याची मनाई ग्राह्य, पण उघडपणें बाळगण्याची मनाई राज्यघटनेविरुद्ध. आणि ननची शिक्षा रद्द झाली.

यानंतरचें मुख्य प्रकरण टेनेसी व आर्कान्सा या दोन संस्थानांचें. टेनेसीच्या १८७० च्या कायद्यानें कमरेचीं व खिशांतलीं पिस्तुलें बाळगण्यास बंदी केली. त्यावर १८७१ सालीं अँड्रूज याच्या खटल्यांत वरिष्ठ न्यायालयानें असा भेद केला कीं, शिपायाच्या सरंजामास योग्य असें चक्री पिस्तूल असेल तर तें बाळगण्याची सरसकट मनाई करतां येणार नाहीं. खिशांत लपविण्याजोग्या हत्यारास मात्र हें संरक्षण नाहीं. विधिमंडळानें हा भेद ध्यानांत धरला आणि १८७९ सालीं सर्व प्रकारच्या पिस्तुलांची विक्री बंद करून 'आर्मी' किंवा 'नेव्ही' पिस्तूल तेवढें मोकळें ठेवलें. १८८१ सालीं बर्गोइन याच्या खटल्यांत ही विक्रीबंदी न्यायालयानें मान्य केली. आर्कान्सामध्येंही तोच क्रम झाला. तेथें १८७८ सालीं विल्सन नांवाच्या आरोपीची लष्करी पिस्तूल बाळगल्याबद्दलची शिक्षा रद्द झाली, आणि १ एप्रिल १८८१ च्या कायद्यानें तेंच सूत्र विक्रीस लावलें. पुढील वर्षीं डॅब्ज याच्या खटल्यांत तें टिकलें. बाळगण्याविषयीं आर्कान्साच्या कायद्यांत असें आहे कीं, मोकळीक दिलेलें पिस्तूलही उघडें व हातांत धरलेलें असावें. असा गृहस्थ बाजारांत भाजी घेण्यास निघाला असतां लोकांस काय वाटत असेल, याचा विचार मसुदेकारानें केलेला दिसत नाहीं.

दुकानदाराची खरी अडचण शब्दांत होती. आर्कान्साचें कलम म्हणतें कीं, संयुक्त संस्थानांच्या लष्करांत किंवा आरमारांत वापरलें जाणारें 'व' नेव्ही पिस्तूल म्हणून ओळखलें जाणारें तेवढें वगळावें. या 'व' कारानें समुच्चय घ्यावयाचा कीं विकल्प? नेव्ही हें नांव कोल्टच्या १८५१ च्या छत्तीस शतांश इंची पिस्तुलाचें. त्याच्या चक्रावर टेक्ससच्या आरमाराच्या लढाईचें चित्र कोरलेलें असे, आणि संग्राहकांस तें चांगलें परिचित आहे. परंतु लष्करानें १८७३ सालींच काडतुसाचें नवें कोल्ट स्वीकारलें होतें. समुच्चय घेतला तर, १८८१ सालीं फौजेच्या हातीं असलेलें हें नवें पिस्तूल नेव्ही या नांवाचें नसल्यामुळें अपवादाबाहेर पडतें! जुना पारिभाषिक शब्द कायम राहून त्याखालची वस्तु बदलावी, हें जमिनीच्या मापांत व नाण्यांत आपण नित्य पाहतों.

हा अपवाद कोणाच्या सोयीचा होता? रोलिन व्हाइट यांचें आरपार छिद्रांच्या चक्राचें १८५५ चें पेटंट १८६९ सालीं संपलें, आणि त्यानंतर लहान काडतुसांचीं हलकीं पिस्तुलें अनेक कारखान्यांतून थोडक्या डॉलरांस बाजारांत आलीं. लष्करी नमुन्याचें पिस्तूल त्यांच्या कितीतरी पट महाग. तेव्हां विक्रीबंदीचा भार गरिबांवर पडला, आणि दक्षिणेंत नुकतेच दास्यमुक्त झालेले कृष्णवर्णीय लोक त्यांत बहुसंख्य होते, हें उघड आहे. कित्येक आधुनिक लेखक याहून पुढें जाऊन म्हणतात कीं, कायद्याचा हेतुच तो होता. मिसिसिपीच्या १८६५ च्या कायद्यांत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनीं परवान्याविना शस्त्र ठेवूं नये असें उघड लिहिलें आहे, आणि १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनंतर तसें उघड लिहिणें शक्य राहिलें नाहीं, ही गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. तथापि आम्ही येथें जपून पाऊल टाकूं इच्छितों. किंमत हा परिणामाचा पुरावा आहे, हेतूचा नव्हे. न्यायालयानें आंखलेल्या रेषेस धरून विधिमंडळानें कायदा लिहिला, एवढें तर कलमांवरून सिद्धच होतें. आणि शब्दरचनेचा उलगडा तेवढ्यानें होतो. परिणामाचें दुःख यामुळें हलकें होत नाहीं. ज्याच्या घरावर रात्रीं हल्ला होण्याचें भय त्यालाच दुकानांतून रिकाम्या हातानें परत यावें लागलें.

साउथ कॅरोलायनानें १९०१ सालीं मापच घातलें: वीस इंचांहून आंखूड व तीन पौंडांहून हलकें पिस्तूल विकूं नये. खिशांत मावेल असें कांहींच उरूं नये, हा त्याचा अर्थ. १९६८ च्या मध्यवर्ती कायद्यानें क्रीडोपयोगी नसलेल्या परदेशी पिस्तुलांची आयात रोखली, परंतु देशांत बनणाऱ्या स्वस्त मालास तो नियम लागला नाहीं. मग इलिनॉय वगैरे संस्थानांनीं धातूची परीक्षा काढली. ८०० अंश फॅरनहाइटखालीं जें वितळेल तें जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचें पिस्तूल दुकानदारानें विकूं नये. सोनार कस लावतो तसाच हा प्रकार. पण हीन धातु म्हणजे स्वस्त वस्तु, आणि पुन्हां प्रश्न किंमतीवरच आला.

खरी परिसंख्या मेरिलंडपासून सुरू झाली. १९८५ सालीं केली याच्या खटल्यांत तेथील न्यायालयानें हलक्या पिस्तुलांच्या कारखानदारांस त्यांनीं होणाऱ्या इजेबद्दल जबाबदार धरलें. १९८८ च्या कायद्यानें ती जबाबदारी काढून टाकली व तिच्या जागीं एक मंडळ नेमून विक्रेय पिस्तुलांची यादी करविली. १ जानेवारी १९८५ नंतर बनलेलें पिस्तूल यादींत नसेल तर विकतां येऊं नये. त्या वर्षीच्या नोव्हेंबरांत मतदारांनीं हा कायदा उचलून धरला. येथपर्यंत न सांगितलेलें तें विहित होतें. येथून पुढें न सांगितलेलें तें निषिद्ध झालें. मॅसॅच्युसेट्समध्यें तर दोन आज्ञा एकाच वेळीं चालूं लागल्या. १९९७ चे ॲटर्नी जनरलचे ग्राहकसंरक्षणाचे नियम एक, आणि १९९८ च्या कायद्याची यादी दुसरी. यादींत नांव असूनही नियमांमुळें विकतां न येणारीं पिस्तुलें तेथें निघालीं. एकाच गांवाच्या दोन सनदा हातीं आलेल्या वतनदाराची स्थिति दुकानदारास आली.

कॅलिफोर्नियाचा कायदा १९९९ चा. अंमल १ जानेवारी २००१ पासून. प्रत्येक नमुन्याचीं तीन पिस्तुलें प्रयोगशाळेंत द्यावीं, तीं एक मीटर उंचीवरून सहा प्रकारें पाडलीं असतां बार सुटूं नये, सहाशें फैरींत सहांहून अधिक वेळां बिघाड होऊं नये. मग नांव यादींत चढावयाचें. वार्षिक फी भरली नाहीं तर तेंच पिस्तूल, कांहींएक न बदलतां, यादींतून जातें. केवळ रंग किंवा मुठीच्या पट्ट्या बदललेल्या नमुन्यास पुन्हां परीक्षा नको. पाठभेद क्षुल्लक असला म्हणजे पोथी तीच धरावी, तसें हें. २००३ च्या कायद्यानें पुढें अर्धस्वयंचलित पिस्तुलांस दोन नव्या अटी आल्या: आंत काडतूस आहे हें दाखविणारी खूण, आणि काडतुसांची पेटी काढली असतां बार न सुटण्याची योजना. २००७ च्या कायद्यानें तिसरी आली. बार उडतांना पिस्तुलाचें नांव व क्रमांक काडतुसाच्या कवचावर उमटावा, म्हणजे प्रत्येक फैरीवर मोर्तब व्हावें. १७ मे २०१३ रोजीं ही अट लागू झाली, आणि तेव्हांपासून सुमारें दहा वर्षें एकही नवा अर्धस्वयंचलित नमुना यादींत आला नाहीं. मीमांसक परिसंख्येस जे तीन दोष लावतात त्यांतील प्राप्तबाध, म्हणजे हातीं आलेल्याची हानि, येथें मूर्तिमंत दिसतो. २० मार्च २०२३ रोजीं मध्यवर्ती न्यायाधीश कॉर्मॅक कार्नी यांनीं तीनही अटींस मनाईहुकूम दिला. संस्थानानें पहिल्या दोन अटींपुरतीच वर दाद मागितली. मोर्तबाची अट सुटली व नवे नमुने चढूं लागले. त्याच वर्षीं विधिमंडळानें व्यवहार्यता ठरल्यास २०२८ पासून मोर्तब पुन्हां आणण्याचा निराळा कायदा केला.

आतां या यादीचे अपवाद पाहावे. पोलिसांस ती लागू नाहीं. मध्यवर्ती नियमांप्रमाणें संग्राह्य ठरलेलीं जुनीं पिस्तुलें, ज्यांस सामान्यतः पन्नास वर्षांची मर्यादा आहे, तींही सुटतात. आणि तिसरा अपवाद असा: दर बारास घोडा हातानें चढवावा लागणारें, निदान पांच काडतुसांचें, तीन इंचांहून कमी नळी नसलेलें व एकूण निदान साडेसात इंच लांबीचें चक्री पिस्तूल परीक्षेवांचून विकतां येतें. या वर्णनांत १८७३ सालीं लष्करानें घेतलेलें कोल्ट तंतोतंत बसतें, आणि त्याच्या नव्या प्रतिकृतीही.