एका नावाची अनेक माणसे



काही वर्षांपूर्वी येथील आमचे एक स्नेही आपली वंशावळ घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या चुलत्यांनी ती मोठ्या हौसेने, लाल आणि काळ्या शाईने, एका लांबलचक कागदावर लिहून काढली होती. वंशवृक्ष मोठा देखणा होता, पण त्यात एक अडचण होती. घराच्या जागेचे खरेदीखत शके १७१० चे, म्हणजे इसवी सन १७८८ चे. ते ज्या पुरुषाच्या नावे होते, त्याच पुरुषाने शके १८०१ मध्ये सावकाराचे कर्ज काढल्याचा दुसरा कागद घरात होता. म्हणजे घर विकत घेतल्यावर ९१ वर्षांनी हे गृहस्थ कर्जरोख्यावर सही करीत होते! चुलत्यांनी त्याचा उलगडा एका शब्दात केला होता. नावापुढे त्यांनी 'दीर्घायुषी' असे लिहून ठेवले होते.

त्या पूर्वजाचे खरे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. सोयीसाठी त्याला आपण गणेश रामचंद्र म्हणू. हा गणेश रामचंद्र एक होता की दोन, हा प्रश्न आमच्या स्नेह्यांना केवळ जिज्ञासेचा नव्हता. घराच्या वाटणीची बोलणी चालू होती आणि भाऊबंदांतील एका शाखेचा हक्क या उत्तरावर अवलंबून होता. त्या प्रकरणाकडे आम्ही शेवटी येऊ. प्रथम हा घोटाळा होतो कसा ते पाहू, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तो झालेला आहे.

त्याचे मूळ आपल्या नाव ठेवण्याच्या रीतीत आहे. आजोबा वारले असले की नातवाला त्यांचे नाव द्यावयाचे. मग गणेशाचा रामचंद्र, रामचंद्राचा गणेश, गणेशाचा पुन्हा रामचंद्र अशी रहाटगाडग्याची माळ सुरू होते. आपले पूर्ण नाव स्वतःचे आणि बापाचे मिळून होत असल्यामुळे एक पिढी सोडून पुढची पिढी अक्षरशः त्याच नावाची निघते. आजा गणेश रामचंद्र आणि नातूही गणेश रामचंद्र. आडनावाचा उपयोग येथे शून्य, कारण ते दोघांचे एकच.

यात आणखी एक गाठ आहे. सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारावयाचे नाही, असा आपल्याकडील जुना दंडक. मग पोटच्या पोराला सासऱ्याचे नाव दिलेले असेल तर त्याला हाक कशी मारावी? म्हणून घरात तो नाना, तात्या, बापू, अप्पा किंवा भाऊ होतो आणि ही घरगुती नावेच जन्मभर चिकटतात. पण ती नावे तरी किती? पाचदहा. खऱ्या नावांची पुनरुक्ती टाळावयास गेलो आणि टोपणनावांच्या पुनरुक्तीत सापडलो, अशी आपली गत झाली.

पेशव्यांचे घराणे घ्या. शाळेत सर्वांनीच त्यांची नावे घोकलेली असतात. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये वारले. त्यानंतर बाजीरावांना पुत्र झाला, त्याला आजोबांचे नाव मिळाले. ते बाळाजी बाजीराव, घरात नानासाहेब. त्यांच्याच कारकीर्दीत भानूंच्या घरी आणखी एक बाळाजी वाढत होते. त्यांनाही आजोबा बाळाजी महादेव यांचे नाव दिलेले होते आणि घरात त्यांनाही नानाच म्हणत. ते बाळाजी जनार्दन, म्हणजे नाना फडणीस. एकाच दरबारात मागे-पुढे दोन बाळाजी आणि दोघेही नाना! पुढे १८५७ साली तिसरे नाना उभे राहिले. ते धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र. तारीख फाटलेल्या एखाद्या चिठीत नुसते 'नानांची आज्ञा' एवढेच असले, तर वाचणाराने काय करावे?

बापाच्या नावावरूनही फसगत होते. थोरल्या बाजीरावांच्या मुद्रेत 'बाजीराव बल्लाळ' असे आहे. माधवरावांचेही नाव 'माधवराव बल्लाळ' असेच लिहीत. बल्लाळ म्हणजे बाळाजीचा पुत्र. दोन्ही नावे शेजारी ठेवली तर नवख्या माणसास हे सख्खे भाऊ वाटतील. वस्तुतः ते आजा आणि नातू. एकाचा बाप बाळाजी विश्वनाथ, दुसऱ्याचा बाळाजी बाजीराव. आपल्या येवल्याशी ज्यांचा संबंध आला त्या विंचूरकरांच्या घराण्यातही हेच. अठराव्या शतकातील शिवाजी विठ्ठल आणि एकोणिसाव्या शतकातील रघुनाथराव विठ्ठल हे भाऊ नव्हेत. पहिल्यांचे वडील पानिपतावर गेलेले विठ्ठल शिवदेव. दुसऱ्यांचे वडील त्याच नावाचे पुढल्या पिढीतील गृहस्थ.

छत्रपतींच्या घराण्यात तर एक वेळ अशी आली की शिवरायांचे दोन नातू शिवाजी याच नावाचे होते. १६८२ साली जन्मलेल्या संभाजीराजांच्या पुत्राचे नाव शिवाजीच होते. आपण त्यांना शाहू म्हणून ओळखतो. १६९६ साली राजाराममहाराज व ताराबाई यांना झालेला पुत्रही शिवाजी. संभाजी हे नावही तसेच फिरलेले आहे. शिवरायांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीस पडले, त्यानंतर १६५७ साली जन्मलेल्या पुत्रास ते नाव मिळाले, आणि पुढे कोल्हापूरच्या गादीवर राजसबाईंचे पुत्र संभाजी आले. वारणेचा तह १७३१ साली शाहूंशी झाला तो या तिसऱ्या संभाजींचा. ज्याला हे ठाऊक नाही तो बापाचा आणि मुलाचा तह लावून मोकळा होईल.

समकालीन लोकांना ही अडचण जाणवत नसे असे नाही. नारायणरावांच्या मरणोत्तर १७७४ साली जन्मलेल्या पुत्राचे नाव दिवंगत चुलत्यावरून माधवराव ठेवले, म्हणून वेगळेपणासाठी 'सवाई' हे बिरुद कामी आले. परंतु नियतीला ते पुरेसे वाटले नसावे. थोरल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई, ज्या थेऊरास सती गेल्या, आणि सवाई माधवरावांच्या पहिल्या पत्नीचे नावही रमाबाईच. लग्नात मुलीचे नाव बदलते, त्यामुळे 'माधवराव-रमाबाई' ही जोडी एका घराण्यात दोनदा उमटली.

पण या सर्वांवर ताण करणारे प्रकरण १७९६ सालचे आहे, आणि ते जरा सावकाश पाहिले पाहिजे. सवाई माधवराव १७९५ च्या ऑक्टोबरात निपुत्रिक वारले. गादी कोणाची, हा प्रश्न पडला. रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव व चिमाजी हे वंशात उरले होते. बाजीरावांना दूर ठेवण्यासाठी कारभाऱ्यांनी अशी तोड काढली की धाकट्या चिमाजीस सवाई माधवरावांच्या विधवा पत्नी यशोदाबाई यांच्या मांडीवर दत्तक द्यावे. आता नाते मोजा. नानासाहेब आणि रघुनाथराव सख्खे भाऊ. नानासाहेबांचे पुत्र नारायणराव, रघुनाथरावांचे पुत्र चिमाजी, म्हणजे हे चुलतभाऊ. नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव. म्हणजे चिमाजी हे सवाई माधवरावांचे चुलते झाले. चुलता पुतण्याचा मुलगा झाला! कालपर्यंतचे चिमाजी रघुनाथ कागदोपत्री चिमाजी माधवराव झाले आणि सख्ख्या थोरल्या भावाचे, बाजीरावांचे, नातू लागू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस बाजीराव गादीवर आले आणि ते दत्तविधान रद्द ठरले. परंतु मधल्या महिन्यांतील कागद तर नष्ट झाले नाहीत. आणि हे चिमाजी म्हणजे वसई घेणारे चिमाजीअप्पा नव्हेत, हे वेगळे सांगावयास हवे. ते थोरल्या बाजीरावांचे बंधू, १७४० सालीच वारले. दोन बाजीराव आणि प्रत्येकाचा धाकटा भाऊ चिमाजी. नातवांना आजाची व चुलत आजाची नावे दिल्याचा हा परिणाम.

आता घरचे उदाहरण घेऊ. तात्या टोपे आपल्या येवल्याचे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण सांगतो कशावरून? त्यांचे नाव रामचंद्र पांडुरंग. आडनाव कोणी भट देतात, कोणी येवलेकर, आणि जगाला माहीत ते टोपे. टोपे हे नाव कशावरून पडले याविषयी कोणी बाजीरावांनी दिलेल्या टोपीची कथा सांगतात, कोणी तोफखान्याची. भट हे आडनाव पाहून ते पेशव्यांचे भाऊबंद असावेत असे काहींना वाटते, कारण श्रीवर्धनकर पेशवेही भटच. पण पेशवे कोकणस्थ, हे देशस्थ. आडनाव एक, कूळ वेगळे.

ब्रह्मावर्तास नावांची दाटी विलक्षण. तात्यांचे वडील पांडुरंग. आणि नानासाहेबांचे पुतणे, ज्यांच्याबरोबर तात्या मध्य हिंदुस्थानभर फिरले, ते रावसाहेब. त्यांचेही नाव पांडुरंगराव. पुनः बाजीरावांच्या पदरी सुभेदार रामचंद्रपंत म्हणून एक वजनदार गृहस्थ होते. तेव्हा बिठूरच्या कागदात 'रामचंद्रपंत' आले की ते तात्या असे समजणे आणि 'पांडुरंगराव' आले की ते तात्यांचे वडील असे समजणे, या दोन्ही उड्या धोक्याच्या आहेत.

मग आधार कोणता? तात्या एप्रिल १८५९ मध्ये मानसिंगाच्या फितुरीने पकडले गेले. त्या महिन्याच्या दहा तारखेस त्यांचा जबाब लिहून घेण्यात आला आणि अठरा तारखेस शिवपुरी येथे त्यांना फाशी दिले. जबाबात बापाचे नाव पांडुरंग, वय सुमारे ४५, आणि गाव? इंग्रजी प्रतीत गाव 'जोला' असे आहे, पुढे परगणा पाटोदा, जिल्हा नगर. येवल्याचा पत्ता कोठेच नाही! नाशिक जिल्हाही नाही. येथे घाईने निराश होऊ नये. हिंदुस्थानात 'य' चा 'ज' सहज होतो, यमुनेची जमुना होते, योग्याचा जोगी होतो. येवल्याचे जोला तसेच झाले असावे, असा आमचा तर्क आहे. पाटोदे हे गाव आपल्याच तालुक्यात आहे. पण दुसरे पाटोदे बीडकडे आहे, त्याचे काय? माणसांप्रमाणे गावेही एका नावाची असतात. येथे 'जिल्हा नगर' हे दोन शब्द निकाल देतात. बीडचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, नगर जिल्ह्यात नव्हे. उलट नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला. त्यापूर्वी आपला हा भाग नगरकडेच मोडत असे. म्हणजे ज्या शब्दांनी येवल्याचा हक्क जातो असे वाटते, तेच शब्द तो हक्क सिद्ध करतात. १८५९ मधून ४५ वजा केले की जन्म १८१४ च्या सुमारास येतो. बाजीराव १८१८ साली उत्तरेकडे गेले, तेव्हा हे मूल चारएक वर्षांचे होते. सर्व जुळते.

फाशी गेले ते तात्या नव्हेत, त्यांच्या नावाचा दुसराच कोणी, अशीही चर्चा पुढे होत राहिली. नानासाहेब म्हणून तर १८७४ साली ग्वाल्हेरीस एक माणूस धरला गेला, तो नानासाहेब नसल्याचे ठरले. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतयाही निघालाच होता. वंशावळीत नावाने दोन माणसांचा एक माणूस होतो, तोतयाच्या प्रकरणात एका माणसाचे दोन होतात. कसोटी दोन्हीकडे तीच: वय, गाव, बापाचे नाव आणि बरोबरची माणसे.

जुन्या कागदांत वर्ष ओळखणे हे यातील निम्मे काम. पत्रावर पुष्कळदा 'छ' म्हणून मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो, वर्ष नसते. असलेच तर ते सुहूर सनाचे, अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हा सन मृगापासून लागतो. त्यात ५९९ मिळविले की मृगानंतरचे आणि ६०० मिळविले की पुढील मृगापूर्वीचे इसवी वर्ष मिळते. ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपताचे वर्ष. शके असेल तर ७८ मिळवावे, पौषानंतर ७९. एवढे गणित ज्याला येते त्याच्या घरातील निम्मे 'दीर्घायुषी' पूर्वज आपोआप आटोपशीर होतात.

मात्र छापील किंवा लिहिलेली वंशावळ दिसली की ती खरीच असे मानू नये. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले तेव्हा वतनदारांना आपला वंश सिद्ध करावा लागला. त्या वेळी ज्यांना दुवा सापडला नाही त्यांतील काहींनी तो तयार केला, आणि नाव जुळत असले की तो तयार करणे सोपे असते. म्हणून वंशावळ कोणत्या कामासाठी लिहिली, हे आधी विचारावे. त्या मानाने तीर्थोपाध्यायांच्या वह्या आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतात. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी जो गेला त्याने आपले, बापाचे, आजाचे, भावांचे, मुलांचे नाव सांगितले आणि उपाध्यायांनी ते उतरून घेतले. तेथे कोणी हक्क मागावयास गेलेला नसतो. पिंड चुकीच्या नावाने जाऊ नये एवढीच त्याची काळजी असते.

आमच्या स्नेह्यांना घेऊन आम्ही त्र्यंबकेश्वरास गेलो. उपाध्यायांनी गावावरून आणि आडनावावरून वही काढली. लाल फडक्यातील ती लांबट पाने उलटताना दोन तास गेले. पहिल्या गणेश रामचंद्राची नोंद सापडली, त्याच्या मुलाची, म्हणजे रामचंद्र गणेशाचीही सापडली. त्यानंतर बऱ्याच पानांनी वेगळ्या हातची एक नोंद होती. रामचंद्र तरुणपणीच वारला होता, पोटी संतान नव्हते. त्याची विधवा एका लहान मुलाला घेऊन आली होती. भाऊबंदांतील तो मुलगा तिने दत्तक घेतला होता आणि त्याला सासऱ्याचे नाव दिले होते. तो दुसरा गणेश रामचंद्र, कर्जरोखा त्याचा. दोन गणेशांचा एक गणेश करताना चुलत्यांच्या कागदावरून मधला रामचंद्र गळला आणि त्याच्याबरोबर ती बाईही गळली. घर तिनेच सांभाळले होते, आणि ज्या शाखेतून मुलगा आला तिचा संबंध तिच्यावाचून समजतच नव्हता.

वाटणीचे पुढे आपसांत मिटले. नवी वंशावळ स्नेह्यांनी आमच्यासमोर लिहिली तेव्हा 'दीर्घायुषी' हा शब्द खोडला. त्या बाईचे माहेरचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते, सासरचे तेवढे वहीत होते. नोंदीच्या खाली 'हस्ते खुद्द' असे लिहून तिने सहीच्या जागी बांगडीची निशाणी केली होती. तीच त्यांनी नव्या कागदावर, रामचंद्राच्या नावाशेजारी, जशीच्या तशी काढली.