अभिजात रहस्यकथा : मराठी रूपांतरे, अनुवाद आणि पॅस्टिश

गुन्हा, त्याचा माग काढणारा अन्वेषक आणि तर्काच्या बळावर शेवटी होणारा उलगडा या तीन अंगांवर उभा असलेला कथाप्रकार. उलगड्यासाठी लागणारे धागेदोरे वाचकासमोर आधीच मांडलेले असावेत आणि तरीही शेवट त्याला चकित करणारा असावा, ही या प्रकाराची मुख्य अट मानली जाते. एडगर ॲलन पो यांच्या १८४१ मधील कथेपासून त्याची सुरुवात धरतात. आर्थर कॉनन डॉइल यांचा शेरलॉक होम्स १८८७ मध्ये अवतरला आणि पुढे ४ कादंबऱ्या व ५६ कथांतून जगभर पोहोचला, तर ॲगाथा ख्रिस्ती यांचा पहिला रहस्यग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ कथानक ठेवून पात्रे, स्थळे व रीतिरिवाज बदलणे म्हणजे रूपांतर होय. मूळ लेखकाची पात्रे व शैली उघडपणे स्वीकारून नवी कथा रचणे म्हणजे पॅस्टिश होय. विडंबनात खिल्ली उडवण्याचा हेतू असतो, पॅस्टिशमध्ये आदर असतो, हा दोहोंतला भेद.

मराठीतील वाटचाल : मराठीत या प्रकाराला अनुकूल वातावरण रूपांतरांनी तयार केले. गो. ना. दातार यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स यांच्या अद्भुतरम्य व रहस्यप्रधान कादंबऱ्यांना एतद्देशीय पेहराव चढवला आणि कथा परकी आहे हे वाचकाच्या ध्यानीही येऊ नये इतकी ती इथल्या मातीत रुजवली. बाबूराव अर्नाळकर (चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून या प्रकाराला घरोघरी आणि वाचनालयांत पोहोचवले. त्यांच्या धनंजय-छोटू या जोडीत होम्स आणि त्याचा सोबती वॉटसन यांच्या सख्याची छाया दिसते, तर झुंजार आणि काळापहाड हे कायद्याच्या कडेकडेने चालणारे, तरीही वाचकाची सहानुभूती मिळवणारे नायक आहेत. पुढील पिढीत गुरुनाथ नाईक यांनी शेकडो कादंबऱ्या लिहिल्या आणि सुहास शिरवळकर यांनी बॅरिस्टर अमर विश्वास या नायकाच्या रूपाने न्यायालयातील उलटतपासणीला रहस्याचे रूप दिले. हा नायक अमेरिकन लेखक गार्डनर यांच्या पेरी मेसन या वकिलाच्या कुळातला आहे.

रूपांतराचे तंत्र व मर्यादा : रूपांतरकाराची खरी कसोटी नावे बदलण्यात नसते, तर घर बदलण्यात असते. डॉइल यांच्या ‘द स्पेकल्ड बँड’ या कथेत जमिनीला पक्का केलेला पलंग, वर लोंबणारी घंटेची दोरी, भिंतीतला झरोका आणि तिजोरीवरची दुधाची बशी यांच्या आधारे होम्स भारतातून आणलेल्या विषारी सापापर्यंत पोहोचतो. इंग्रजी खेड्यातल्या वाड्यात हा साप अद्भुत वाटतो. कोकणातल्या किंवा देशावरच्या घरात तोच प्राणी ओळखीचा असल्याने धक्का ओसरतो, घंटेच्या दोरीला दुसरे निमित्त शोधावे लागते आणि नागपंचमीला नागापुढे दूध ठेवणाऱ्या वाचकाला ती बशी फार लवकर बोलकी होते. साप प्रत्यक्षात दुधावर जगत नाही, ही त्रुटी चाहत्यांनी वारंवार दाखवली असली, तरी कथेची पकड त्यामुळे सैल झालेली नाही.

अनुवाद : पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचे एक संस्थापक आणि नाटककार-दिग्दर्शक भालबा केळकर यांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या. सत्यजित राय यांच्या फेलूदा या बंगाली गुप्तहेराच्या कथा अशोक जैन यांच्या अनुवादातून मराठी मुलांपर्यंत पोहोचल्या. होम्सला गुरू मानणारा फेलूदा एका साहसात मूर्तिचोरांचा माग काढत वेरूळच्या लेण्यांत येतो, त्यामुळे त्या कथेत मराठी वाचकाला आपलाच मुलूख परक्याच्या नजरेने दिसतो. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा फास्टर फेणे हा मात्र कोणाचेही रूपांतर नाही. पुण्यातल्या शाळेत शिकणारा, फुरसुंगीचा हा सडपातळ मुलगा ‘ट्टॉक’ असा आवाज काढत संकटात उडी घेतो.

चाहते व पॅस्टिश : रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये होम्सकथांचा जणू धर्मग्रंथांसारखा काटेकोर अभ्यास मांडला, तेव्हापासून होम्स खरोखर होऊन गेला असे गृहीत धरून कथांतील विसंगती सोडवणे हा चाहत्यांचा बौद्धिक खेळ झाला. वॉटसनची जखम एका कादंबरीत खांद्याला तर दुसरीत पायाला कशी, हा त्यातला गाजलेला प्रश्न. या खेळात मुंबईलाही स्थान आहे, कारण अफगाणिस्तानच्या युद्धाकडे निघालेला वॉटसन पहिल्याच कादंबरीत मुंबई बंदरात उतरतो. १८९१ ते १८९४ या काळात होम्स बेपत्ता असतो आणि परतल्यावर तिबेटमध्ये हिंडल्याचे सांगतो. ही मोकळी जागा जामयांग नोर्बू यांनी १९९९ मध्ये ‘द मंडाला ऑफ शेरलॉक होम्स’ या पॅस्टिशमध्ये भरून काढली, होम्सला मुंबईमार्गे तिबेटला नेले आणि निवेदनाचे काम किपलिंग यांच्या ‘किम’ मधील हरी बाबूकडे सोपवले. एच. आर. एफ. कीटिंग यांचा मुंबईचा इन्स्पेक्टर गणेश घोटे (१९६४ पासून) पॅस्टिशमध्ये मोडत नसला, तरी अचूक होम्सला दिलेले ते मार्मिक उत्तर आहे, कारण हा मराठी अधिकारी बुजरा, सतत शंकित आणि वरिष्ठांच्या दडपणाखाली वावरणारा आहे. कीटिंग यांनी ही मालिका भारत न पाहताच सुरू केली होती.

पडदा : ख्रिस्ती यांच्या एका कादंबरीवर बेतलेला ‘गुमनाम’ (१९६५) हा हिंदी चित्रपट राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केला. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरून निघाला आणि त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) झाला. फास्टर फेणे दूरदर्शनच्या मालिकेत आणि २०१७ मधील चित्रपटातही आला.

मूल्यमापन : समीक्षेने या साहित्याला दीर्घकाळ करमणुकीच्या कप्प्यात ठेवले आणि मूळ लेखकाचा उल्लेख टाळण्याची रूपांतरकारांची सवय हेही त्याचे एक कारण ठरले. मात्र त्याच सवयीने चाहत्याला एक काम लावून दिले : ओळखीच्या मराठी कथेमागची परदेशी कथा शोधणे आणि मराठी लेखकाने तीत काय बदलले, काय नव्याने घातले हे तपासणे. अशा तुलनेतूनच उचलेगिरी कुठे संपते आणि स्वतंत्र कारागिरी कुठे सुरू होते, याचा निवाडा करता येतो.