प्रोग्रामांचे बिऱ्हाड

संगणकाच्या इतिहासावर जे लिहिले जाते त्यात यंत्रांचा वेग, त्यांचा आकार व त्यांच्या किमती यांचीच वर्णने फार आढळतात. एका ठिकाणी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या व्यवस्थेखाली चालावा म्हणून जे कष्ट उपसले गेले, त्यांची कथा मात्र क्वचितच कोणी सांगतो. बदलीच्या नोकरीत ज्यांनी तीनचार वेळा बिऱ्हाड हलविले आहे, त्या आमच्या वाचकांस तिचे मर्म कळावयास वेळ लागणार नाही.

यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टिम नावाची एक व्यवस्था उभी असते. फायली कोठे ठेवावयाच्या, स्मृतीचा कोणता भाग कोणास द्यावयाचा, प्रिंटर कोणी केव्हा वापरावयाचा, हे सर्व ती ठरविते. प्रोग्रामास जे हवे ते तो प्रत्यक्ष यंत्राकडे न मागता या व्यवस्थेकडे मागतो. आणि मागण्याची रीत प्रत्येक व्यवस्थेत निराळी असते. खरी अडचण आहे ती येथे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्पसन याने पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर युनिक्सचा प्रारंभ केला. पुढे ती पीडीपी-११ वर गेली, आणि १९७३ साली टॉम्पसन व डेनिस रिची यांनी तिचा गाभा रिचीने सिद्ध केलेल्या 'सी' भाषेत पुन्हा लिहिला. काही अपवाद सोडल्यास तोवर अशी व्यवस्था त्या त्या यंत्राच्या असेंब्ली भाषेतच लिहिण्याचा रिवाज होता. पण हे पाऊल स्थलांतराच्या हेतूने टाकले गेले, अशी जी समजूत रूढ आहे ती बरोबर नव्हे. लिहिणे व सुधारणे सुकर व्हावे, एवढाच तेव्हा हेतू होता.

स्थलांतराचा विचार आला तो प्रोग्रामांच्या निमित्ताने. त्याच संस्थेत हनीवेलची मोठी यंत्रे जीकॉस या व्यवस्थेखाली चालत, आणि आयबीएमची ३७० मालिकेतील यंत्रेही होती. त्यांसाठी 'सी'चे कंपायलर तयार झाले. हनीवेलवर एक अक्षर ९ बिटांचे व पूर्णांक ३६ बिटांचा. पीडीपी-११ वर अक्षर ८ बिटांचे व पूर्णांक १६ बिटांचा. आयबीएमकडे तर अक्षरांची सांकेतिक कोष्टकेच वेगळी. एवढा भेद असूनही भाषा टिकली. अडले ते निराळ्याच ठिकाणी. फाईल उघडणे, वाचणे, लिहिणे या साध्या क्रियांत प्रत्येक व्यवस्थेचे दंडक भिन्न होते. माइक लेस्क याने त्यांवर एक समाईक आवरण घातले, आणि त्यातूनच पुढे 'सी'चे प्रमाण आदान-प्रदान ग्रंथालय घडले. परंतु त्याचाही पुरवठा मर्यादितच. तेव्हा रिची व स्टीव्ह जॉन्सन यांच्या ध्यानात एक गोष्ट आली: यंत्रायंत्रांतील भेदापेक्षा व्यवस्थांतील भेदच अधिक जाचक आहे. मग प्रत्येक प्रोग्राम परक्या घरात बसविण्याची खटपट करण्यापेक्षा घरच उचलून का नेऊ नये?

१९७७ साली त्यांनी इंटरडेटा ८/३२ हे पीडीपी-११ हून पुष्कळच वेगळे यंत्र यासाठी निवडले. जॉन्सनने नव्या यंत्राशी सहज जुळविता येईल असा कंपायलर रचला, आणि 'लिंट' नावाचा एक तपासनीस प्रोग्रामही हाताशी होता. कपड्यास चिकटलेला कापसाचा पिंजर निवडावा तसे संशयास्पद लेखन निवडून काढणे हे त्याचे काम. पीडीपी-११ वर पत्ता व पूर्णांक दोन्ही १६ बिटांचेच असल्याने लेखकांस त्यांची सर्रास अदलाबदल करण्याची सवय जडली होती, आणि ती कोणास खुपतही नव्हती. घर बदलताना कपाटामागचा केर दिसतो, तसे अशा ठिकाणांचे झाले. बाइटांच्या क्रमाचा घोटाळा तर प्रसिद्धच आहे. जोडीतील अक्षरे उलटून पडद्यावर 'युनिक्स'ऐवजी 'नक्सी' उमटले, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

याच सुमारास ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर याने इंटरडेटा ७/३२ या त्याच कुळातील यंत्रावर युनिक्स चालविली, तीही बेल प्रयोगशाळेच्या आधी. दोन्ही मंडळींस परस्परांच्या उद्योगाची कल्पना नव्हती. मिलरने आधी निर्मात्याच्याच व्यवस्थेच्या आश्रयाने युनिक्स उभी केली आणि पाय रोवल्यावर तो आधार काढून घेतला. या कामाचा उल्लेख इतिहासात एखाद्या ओळीत उरकला जातो, हे आम्हांस अन्याय्य वाटते. मोठ्या संस्थेचे पाठबळ नसता केलेले काम ते!

पण घर नेता येते म्हटल्यावर जो तो आपापल्या सोयीने त्यात भिंती पाडू लागला. बर्कली विद्यापीठाची शाखा निराळी, एटी अँड टीची निराळी, शिवाय प्रत्येक यंत्रनिर्मात्याची आपली. एकाच नावाच्या व्यवस्थांत पुन्हा प्रोग्राम अडू लागले. लेखक मूळ मजकुरात अटींच्या ओळी घालीत: अमुक व्यवस्था असेल तर हे करा, तमुक असेल तर ते. अशा मजकुराची अवस्था शुद्धिपत्रांवर शुद्धिपत्रे चिकटविलेल्या नियमपुस्तिकेसारखी होई. मूळ नियम कोणता, हे शोधावे लागे. १९९१ साली डेव्हिड मॅकेंझी याने ऑटोकॉन्फ हे साधन रचले. त्याने घडविलेली आज्ञावली व्यवस्थेस तिचे नाव विचारून थांबत नाही, तर हवी ती सोय तेथे आहे की नाही हे छोटे प्रयोग करून पाहते. नव्या बंगल्यात गेल्यावर गावाची कीर्ती ऐकत न बसता नळ सोडून पाहावा, तसेच हे. पद्धत कंटाळवाणी खरी, पण शहाणपणाची.

दुसरा मार्ग कराराचा. १९८८ साली 'पॉझिक्स' हे प्रमाण मंजूर झाले (नाव रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचविलेले) आणि व्यवस्थेने प्रोग्रामास कोणत्या सेवा कोणत्या शब्दांत द्याव्यात हे लेखी ठरले. पाठोपाठ १९८९ साली 'सी' भाषेचेही अमेरिकन प्रमाण आले. अमेरिकी शासनाने आपल्या खरेदीत पॉझिक्सची अट घातली, आणि मग जे घडले ते कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसास ओळखीचे वाटेल. १९९३ सालच्या विंडोज एनटीत पॉझिक्सचा एक विभाग समाविष्ट झाला. त्यात प्रमाणाचा पहिला भाग तेवढा अक्षरशः पाळलेला होता. जाळ्यावरून संपर्क साधण्याची सोय त्या विभागात नव्हती. अट पुरी झाली, उपयोग बेताचाच. २००१ सालच्या विंडोज एक्सपीतून तो विभाग वगळण्यात आला.

पंधरा वर्षांनी, २०१६ साली, त्याच कंपनीने लिनक्ससाठी लिहिलेले प्रोग्राम विंडोजवर चालविण्याची सोय काढली. प्रथम लिनक्सची प्रत्येक मागणी विंडोजच्या भाषेत उतरवून देण्याचा प्रयत्न झाला. फायलींची कामे मंद चालत, काही मागण्या पुऱ्या होतच नसत. अखेर २०१९ साली जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत तो दुभाष्या बाजूस सारून लिनक्सचा सबंध गाभाच विंडोजच्या आत आणून बसविण्यात आला.